गोळी आली म्हणून ऑपरेशन रद्द?

रविवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अगं, गुरुवारचं ऑपरेशन नको म्हणून सांग त्यांना. गोळी आलीय." हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, वर थर्मास. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'अंडाशयाच्या कॅन्सरवर अमेरिकेत गोळी आली. ऑपरेशन नको, केमो नको, साइड इफेक्ट शून्य. डॉक्टर सांगणार नाहीत.' खाली हात जोडलेले सात इमोजी.

गोळी आलीय, हे खरं. 8 मे 2025 ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, अव्हुटोमेटिनिब आणि डिफॅक्टिनिब या दोन औषधांच्या जोडीला मंजुरी दिली. पण कोणासाठी, ते मेसेजवाल्याने गिळलं. अंडाशयाच्या 'लो-ग्रेड सिरस' या दुर्मीळ कॅन्सरसाठी. तोही आधी औषधोपचार होऊन उलटलेला असेल आणि गाठीत केआरएएस जनुकाचा बदल सापडला असेल, तरच. मावशीच्या बायॉप्सीत 'लो-ग्रेड सिरस' लिहिलंय, म्हणून ती हुरळली. पण तिचा पहिलाच उपचार व्हायचाय, आणि जनुकाची तपासणी झालेलीच नाही.

आता ते 'ऑपरेशन नको'. हे वाचून माझं डोकंच फिरलं. हा कॅन्सर सावकाश वाढतो आणि केमोला फारशी दाद देत नाही. मागे राहिलेल्या गाठी केमो निपटेल, या भरवशावर इथे राहता येत नाही. म्हणूनच डोळ्यांना दिसेल ती प्रत्येक गाठ काढायचा सर्जनचा आटापिटा असतो. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली, तिच्यात सगळ्या जणींचा आजार आधीच्या उपचारांनंतर परतलेला होता. ऑपरेशनऐवजी गोळी, असं तिच्यात कोणी करून पाहिलंच नव्हतं. केआरएएस बदल असलेल्या 57 जणींपैकी 44 टक्के जणींच्या गाठी बऱ्यापैकी आक्रसल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना तेवढाही गुण आला नाही. आला त्यांच्यातही कोणाचा तीन-साडेतीन महिनेच टिकलेला होता, कोणाचा अडीच वर्षांहून जास्त.

केमोबाबत मेसेजवाल्याला अर्धा मार्क देते, नाइलाजाने. या प्रकारात ती तोकडी पडते, म्हणून लेट्रोझोलसारखी हार्मोनविरोधी गोळीही वापरतात. पण ती कधी आणि कोणाला, हे ऑपरेशननंतर डॉक्टर ठरवतात. ग्रुप नाही.

साइड इफेक्ट शून्य? मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ, थकवा, सूज. शिवाय नजर अंधुक होऊ शकते, म्हणून गोळी सुरू करण्याआधी डोळे तपासावे लागतात आणि नंतरही अधूनमधून. मावशीला मोतीबिंदूच्या थेंबांचीच केवढी कटकट!

'डॉक्टर सांगणार नाहीत' यावर काय बोलणार? मंजुरीची सगळी माहिती एफडीएने उघड छापलीय.

काढलेल्या गाठीचा नमुना पॅथॉलॉजीत जपून ठेवतात. त्यावर केआरएएसची तपासणी करून घ्यायची का, हे गुरुवारी विचारायचंय. फाइलवर तशी चिठ्ठी लावलीय.