खुलासा: ‘प्रूव्हेबली फेअर’ म्हणजे पैसे बुडत नाहीत, असं नाही

लातूरच्या दोन-तीन ग्रुपवर मेसेज फिरायलाय की ‘प्रूव्हेबली फेअर क्रिप्टो कॅसिनोत पैसे बुडूच शकत नाहीत, आन् ब्लॉकचेनवर असल्यामुळं भारतात कायदेशीर बी आहे’. प्रूव्हेबली फेअर म्हणजे डावाचा आकडा मागून बदलला नाही हे खेळणाऱ्याला स्वतः तपासता येतं, आन् ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टो कॉइनच्या व्यवहारांची सामाईक नोंदवही. त्यातला फेअरवाला भाग माझ्याच जुन्या पोस्टमधून उचललाय, म्हणून लिहायलोय.

मी एवढंच लिहिलं होतं की असा डाइसचा खेळ टेस्टनेटवर, म्हणजे बिनकिमतीच्या कॉइनवर, बनवून बघितला. त्यात कॅसिनोचा सर्व्हर आधी गुप्त सीड, म्हणजे आकडा काढायला लागणारी अक्षरांची ओळ, ठरवतो आणि त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या ओळीवरून गणितानं काढलेला ठसा, तुम्हाला दाखवून ठेवतो, मग तुमचा सीड आणि डावाचा नंबर त्यात मिसळून आकडा निघतो, नंतर गुप्त सीड उघडला की हॅश जुळवून बघायचा, एक अक्षर जरी बदललं तरी हॅश पार वेगळाच येतो. म्हणजे डाव लागल्यावर सीड बदलला नाही हे कळतं. बस. जिंकलेले पैसे काढू देतील का, ते हॅश सांगत नाही.

आन् कॅसिनोचा वाटा कुठं जात नाही बरं का. माझ्याच खेळात ० ते १०० मधला आकडा ४९.५० च्या खाली आला तर लावलेल्याच्या दुप्पट पैसे, म्हणजे जिंकायची शक्यता ४९.५ टक्के. १०० रुपयांचे हजार डाव खेळलात तर सरासरी हजार रुपये गेले, ते पण एकदम इमानदारीत!

कायद्याचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, कॉइन-टोकन लावले म्हणून सूट नाही.

जुनी पोस्ट मी काढलीय. तो मेसेज पुढं पाठवू नका, आधीच पाठवला असंल तर त्याच ग्रुपात हे टाका.