नकाशा नेमका कोणत्या विजांचा?

व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर दर चौरस किलोमीटरला वर्षाला सुमारे २३३ विजा ‘ढगातून खाली कोसळतात’, हे विजांच्या नकाशावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. तो आकडा उपग्रहावरच्या सेन्सरचा आहे. त्याला वरून फक्त लखलखाट दिसतो. वीज ढगातच विरली की खाली आली, हे त्यावरून कळत नाही. आणि बहुतेक विजा ढगातच राहतात!

वीजवाहिन्यांच्या संरक्षणाचं काम करतो, म्हणून हा फरक सोडून देववत नाही. खाली पडणाऱ्या विजा वेगळ्या मोजायला जमिनीवरच्या अँटेनांचं जाळंच लागतं. तिथेही गोम आहेच: जाळं विरळ असेल त्या भागात नकाशावर विजा आपोआप कमी दिसतात. डोंगरउतारांवर ढग का उसळतात, तो परिच्छेद मात्र झकास.