अभेद्य कोर्स कसा घडवावा

ऑनलाइन कोर्स तयार करायला बसलात? मग एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. आपल्या विद्यार्थ्याला लख्ख दिसतं, स्पष्ट ऐकू येतं, त्याचा हात माउसवर कधी थरथरत नाही आणि लाल-हिरव्यात त्याची गफलत होत नाही. असा विद्यार्थी तुम्हाला आजवर भेटला नसला तरी हरकत नाही. कोर्स त्याच्यासाठीच करायचा.

सुरुवात नोट्सपासून. त्या छापील असतीलच. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर सोन्याहून पिवळं. स्कॅन करा, जरा तिरक्याच. कोपऱ्यात अंगठा आला तर येऊ द्या, तेवढाच आपुलकीचा स्पर्श. स्कॅन केलेल्या पीडीएफची खुबी अशी की ती दिसते मजकुरासारखी आणि असते फोटो. तिच्यात अक्षरं नसतातच, अक्षरांचं चित्र असतं. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून मोठ्या आशेने ती उघडतो आणि तुमच्या चाळीस पानी तपश्चर्येबद्दल त्याला एवढंच ऐकू येतं की फाइल रिकामी आहे. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा खरा मजकूर करणाऱ्या ओसीआरचं कोणी नाव काढलंच, तर 'बघू' म्हणा. 'बघू' हा शब्द इथे फार उपयोगी आहे.

टाइप केलेल्याच नोट्स द्यायची वेळ आली तर युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक संगणकी पद्धत येण्याआधीचा एखादा फॉन्ट शोधून काढा. पडद्यावर सुरेख देवनागरी आणि आत रोमन अक्षरं नि विरामचिन्हांची गिचमिड. बिचारा स्क्रीन रीडर ती गिचमिड इमानेइतबारे वाचत राहतो.

मथळे ठळक करा, मोठे करा, हवं तर अधोरेखित करा. 'हेडिंग'ची स्टाइल मात्र लावू नका. दिसायला दोन्ही सारखंच. फरक इतकाच की स्टाइल लावली, तर एनव्हीडीए किंवा जॉज हे स्क्रीन रीडर वापरणारा कीबोर्डवरचं एच हे बटण दाबत या मथळ्यावरून त्या मथळ्यावर जातो आणि हवा तो भाग क्षणात गाठतो. म्हणजे तुम्ही रात्र जागून लिहिलेली प्रस्तावना तो ओलांडून जाणार! ऐकू दे की पहिल्या शब्दापासून.

आकृत्यांना वर्णन द्यायचा मोह आवरा. हृदयातल्या रक्ताभिसरणाची आकृती 'आयएमजी अंडरस्कोअर 2047' अशी ऐकू आली की विषयाचं गूढ टिकून राहतं. फारच तगादा लागला तर वर्णनाच्या चौकटीत 'चित्र' असं लिहा. चौकट भरलेली पाहून तपासणीचं सॉफ्टवेअर बहुधा समाधानी होतं. तिथे चित्र आहे हे विद्यार्थ्याला कळलं, आणखी काय हवं?

आता व्हिडिओ. इथे तुमच्यातला कलावंत खरा खुलतो. फळ्याकडे तोंड करून बोला, म्हणजे ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्यांचा प्रश्न तिथेच मिटला. मग बोट नाचवत म्हणा, "हे इथून इकडे आलं, याने त्याला भागलं, की हे मिळालं." न पाहता ऐकणाऱ्यालाही त्याच वाक्यात गारद करता येतं, एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच. कॅप्शन यंत्रावर सोपवा आणि नंतर चुकूनही वाचून बघू नका. यंत्राने 'अवकलन'चं 'आकलन' करून ठेवलं असेल, तर कर्णबधिर विद्यार्थी तासभर आकलनाचं सूत्र शोधत बसेल. (ऐकू येणारेही कॅप्शन वाचतात म्हणे, गोंगाटात किंवा नवखा उच्चार कळला नाही की. त्यांनाही शोधू द्या.)

रंगसंगतीत सौम्यपणा हवा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं फार सभ्य दिसतात. साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांत निदान 4.5 : 1 इतका कॉन्ट्रास्ट ठेवा, असं वेबवरच्या सुलभतेची डब्ल्यूसीएजी नावाची सूत्रं सांगतात. ती पहिल्यांदा 1999 मध्ये निघाली, 2008 मध्ये दुसरी आवृत्ती आली, 2023 मध्ये 2.2. इतक्या आवृत्त्या आपण न वाचता काढल्या, पुढचीही निघेल.

चाचणी ओढून-सोडायच्या खेळाचीच ठेवा: डावीकडचा शब्द माउसने उचलायचा आणि उजवीकडच्या चौकटीत टाकायचा. फक्त कीबोर्ड वापरणारा तिथे अडतो, हात कापणाऱ्याचा शब्द वाटेतच निसटतो. वर दहा मिनिटांचा टायमर लावा. वेळ वाढवून मागणाऱ्याला 'सगळ्यांना नियम सारखा' हे ऐकवताना आवाजात न्यायाधीशाचं गांभीर्य असू द्या.

एवढ्यावरही वरून सुलभतेचा आदेश आलाच, तर कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं एक तयार बटण बसवून टाका. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात. स्कॅनचा फोटो फोटोच राहतो, पण अहवालात बटणाचा फोटो छान येतो.

तरीही एखाद्या विद्यार्थिनीचा ईमेल येईल: "सर, तिसऱ्या युनिटच्या नोट्स मला वाचता येत नाहीत." घाबरू नका. आधी प्रमाणपत्र मागा. ते आलं की 'नेमकी काय अडचण आहे' हे सविस्तर विचारा. तिने सविस्तर लिहिलं की 'बघू'. तोवर परीक्षा जवळ येते आणि तिची एखादी मैत्रीण चार रात्री बसून चाळीसच्या चाळीस पानं टाइप करते. मथळ्यांना हेडिंग, आकृत्यांना दोन-दोन ओळींचं वर्णन, सगळं जागच्या जागी. बघता बघता ती फाइल सगळा वर्ग वापरू लागतो, कारण तिच्यात हवा तो शब्द शोधता येतो.

ती फाइल मागवून घ्या. काम खरोखर उत्तम झालेलं असेल. पहिल्या पानावर आपलं नाव घाला, प्रिंट काढा, विभागाचा शिक्का मारा आणि पुढच्या वर्षासाठी नीट स्कॅन करून ठेवा.