घाटात गाडी तापल्यावर काय करू नये

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: घाटात गाडी गरम झाली तर इंजिन बंद करून लगेच रेडिएटरचे झाकण उघडावे आणि थंड पाणी ओतावे, कूलंटवर (इंजिन थंड राखण्यासाठी पाण्यात मिसळायच्या द्रवावर) पैसे घालवू नयेत, नळाचे पाणी पुरते, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) थंड देशांसाठी असतो, तो काढून टाकावा, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, म्हणजे इंजिन निवते. यातील पहिला सल्ला माणसाला भाजून काढणारा आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी लिहितो.

रेडिएटरचे झाकण हे केवळ बूच नसते. ते आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बारने जास्त राखते, आणि त्यामुळे 100 अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी 120 अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण फिरवताच तो दाब नाहीसा होतो आणि 110 अंशांचे द्रव त्याच क्षणी वाफ होऊन वाकलेल्या माणसाच्या तोंडावर व हातांवर उसळते. वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडू नये, हा नियम घरात सर्वांना ठाऊक असतो. इथेही तोच लागू आहे. शिवाय तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, एकदम थंड पाणी पडले, तर हेड वाकू शकते किंवा त्याला तडा जाऊ शकतो.

मग करावे काय? तापमानाचा काटा वर चढू लागला पण वाफ दिसत नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. मे महिन्यात ही सूचना विचित्र वाटेल, परंतु हीटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची उष्णता बाहेर काढतो. गाडी सुरक्षित जागी उभी करावी. वाफ येत असेल, गळती दिसत असेल किंवा लाल दिवा लागला असेल, तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे, किमान अर्धा तास थांबावे, आणि झाकण हाताला गार लागल्यावरच जाड फडक्याने हळूहळू सैल करावे.

नळाच्या पाण्याविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे, आणि अडचणीच्या वेळी गावापर्यंत पोहोचण्यासाठी ते वापरण्यात गैर नाही. नेहमीच्या वापराची गोष्ट वेगळी. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, आणि गंज रोखणारी रसायने नसल्याने वॉटर पंपही खराब होतो. कूलंटमुळे उत्कलनबिंदू वाढतो, हा लाभ वेगळाच.

थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडू लागतो. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त जाते आणि ऑइल लवकर बिघडते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट बायपासचा मार्गही बंद करतो. तो नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून फिरत राहतो आणि गाडी उलट जास्त तापते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलावा. काढून टाकू नये.

उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होऊ लागतात, आणि कसारा किंवा खंबाटकीसारख्या उतारावर याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. इंधन वाचते हेही खोटे आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बहुधा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते.

गाडी का तापली, हा प्रश्न मात्र संदेशात कुठेच नाही, आणि तीच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. वाहतूक कोंडीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर फॅन, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासावा. वेगात किंवा चढावर चढत असेल, तर कूलंटची पातळी, तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप पाहावा. कूलंट पुन्हापुन्हा कमी होते पण खाली थेंबही दिसत नाही, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ झाले आहे, तर हेड गॅस्केट (हेड आणि खालचे इंजिन यांमधले सील) गेल्याची दाट शक्यता असते, आणि अशी गाडी चालवत नेण्यापेक्षा टो करून नेणेच स्वस्त पडते.