नेटवर्किंगमधील पहिल्या नोकरीसाठी हितोपदेश

संगणक नेटवर्किंगमध्ये पहिली नोकरी शोधणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की नवोदितांसाठी दिलेल्या जाहिरातीतही पुष्कळदा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. तेव्हा पहिल्या नोकरीपूर्वी निदान एखादी दुसरी नोकरी करून येणे इष्ट. ते न जमल्यास प्रमाणपत्राचा मार्ग आहेच.

सिस्को या नेटवर्क-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीच्या सीसीएनए या प्रमाणपत्राच्या परीक्षेला कोणतीही औपचारिक पूर्वअट नाही. अभ्यासाचीही नाही, असा अर्थ आपण खुशाल लावावा आणि ‘डम्प’ नावाने फिरणारे फुटलेले प्रश्नसंच पाठ करावेत. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचे सरावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, म्हणूनच त्याकडे फिरकू नये. ओएसआय या नेटवर्कच्या प्रारूपाचे सात थर उलटसुलट म्हणता आले, की /२६ च्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या उपविभागात, ६४ पत्ते असूनही यंत्रांना ६२ च का देता येतात, असल्या क्षुल्लक शंका कॅल्क्युलेटरवर सोपवाव्यात.

सराव करणाऱ्यांची गत पाहा. स्विचच्या ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीलॅनची (आभासी उपनेटवर्कांची) वाहतूक नेणाऱ्या जोडणीवर, एक नवे व्हीलॅन वाढवताना आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द राहून गेला, की परवानगी असलेल्या व्हीलॅनची आधीची सगळी यादी पुसली जाते आणि उरते ते फक्त नवे व्हीलॅन. हे बिचारे तो धडा घरच्या जुनाट स्विचवर, कोणाचेही नुकसान न करता शिकून बसतात. आपण एवढा मोलाचा अनुभव ग्राहकाच्या चालू नेटवर्कसाठी राखून ठेवावा. तेथे चूक लक्षात आणून द्यायला माणसे भरपूर असतात. (बदलापूर्वी कॉन्फिगरेशनची प्रत काढणे हे तर भित्रेपणाचे लक्षण.)

मुलाखतीत ‘विंडोजच्या संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता का मिळाला?’ असे विचारल्यास, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून उत्तर आले नसावे, ही शक्यता मनातही आणू नये. ठाम स्वरात नवा राउटर मागवावा. नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधील रात्रपाळी देऊ केल्यास ती नाकारावी, कारण तेथे रोज खरे बिघाड पाहावे लागतात.

बायोडेटात बीजीपी (मोठ्या नेटवर्कांमधले मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल) अवश्य लिहावे. त्याचा पोर्ट क्रमांक १७९ पाठ असावा. मुलाखतकर्ता त्यापुढे गेलाच, तर आपल्याकडचे नेटवर्क गेल्याचे सांगून व्हिडिओ कॉल तोडावा. ते का गेले, हे विचारण्याची संधी त्याला देऊ नये.