चर कोणाचा?

आमच्या नागपुरातल्या खामल्याच्या फ्लॅट स्कीमची वार्षिक सभा गेल्या महिन्यात झाली. मी इंग्लंडमधल्या लँकेशायरहून व्हिडिओ कॉलवर होतो, म्हणजे बाबांनी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. सभेत गाजला एकच विषय. गच्चीवरून लोंबणाऱ्या सगळ्या केबली काढायच्या आणि इंटरनेटसाठी एका मोठ्या कंपनीशी करार करायचा. कंपनीची अट अशी की पाच वर्षं दुसऱ्या कुणाला इमारतीत शिरू द्यायचं नाही. ‘‘तो केबलवाला काहून ठेवता बाप्पा? दोन दोन दिवस फोन उचलत नाही,’’ एक काकू म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या.

काकूंचं खोटं नाही. पण हाच गडी मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर अनवाणी नाचत वायर ओढायचा, संक्रांतीनंतर नायलॉन मांजानं केलेली वाताहत निस्तरायचा, हेही मी पाहिलंय. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमनं महानगरांत इंटरनेट सुरू केलं, तेव्हा नागपूर त्या यादीत नव्हतं. नोव्हेंबर 1998 मध्ये खासगी सेवादात्यांना दार उघडलं. परवान्यांच्या तीन श्रेणी होत्या. त्यातली ‘क’ श्रेणी साधारण एका जिल्ह्याएवढ्या टापूसाठी होती आणि परवाना शुल्क जवळपास नव्हतंच. म्हणजे कागदावर तरी एखाद्या गावानं आपली स्वतःची इंटरनेट कंपनी काढायला कुणाची आडकाठी नव्हती. प्रत्यक्षात आपले केबलवाले कुणा ना कुणा परवानाधारकाची फ्रँचायझी झाले. घरापर्यंतची वायर त्यांची, वसुली त्यांची, शिव्याही त्यांनाच. वायरचं वरचं टोक मात्र दुसऱ्याच्या हातात. मग 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, बरोबर तीन वर्षांनी त्यांचं घरगुती फायबरही आलं, आणि भावाच्या लढाईत हा माणूस कुठल्या कुठे गेला.

मी राहतो त्या भागात गोष्ट उलटी घडली. लून नदीच्या खोऱ्यातल्या विखुरलेल्या शेतघरांपर्यंत फायबर नेणं बड्या कंपन्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. तेव्हा 2011 मध्ये गावकऱ्यांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नावाची लोकहिताची संस्था नोंदवली. आद्याक्षरं आणि एक आकडा मिळून (B4RN) नाव झालं ‘बार्न’, म्हणजे शेतातलं कोठार. लँकेस्टर विद्यापीठात नेटवर्कचं काम केलेले बॅरी फोर्ड त्यात पुढे होते. लोकांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून फुकट वाट दिली, आणि चर खणले गावातल्याच माणसांनी. शेअर कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. आज दहा हजारांहून जास्त घरांना एक गिगाबिटची जोडणी आहे, अपलोडलाही तेवढाच वेग आणि डाउनलोडलाही. मी इथे आलो तेव्हा चर कधीचे बुजले होते, पण शेजारचा मेंढपाळ अजूनही कुंपणाकडे बोट दाखवून सांगतो, इथून इथपर्यंत मी खणलंय.

हे ऐकून नागपूरचे मित्र हसतात. त्यांचं हसणं रास्त आहे. मी महिन्याला तीस-पस्तीस पौंड भरतो, म्हणजे साडेतीन-चार हजार रुपये; तेवढ्यात त्यांचे पाच-सहा महिने निघतात. इतकं स्वस्त मिळत असताना रविवारी फावडं कोण उचलेल? सहकाराचं नाव काढलं की विदर्भातला माणूस आधी बुडालेली पतसंस्था आठवतो, हेही खरं. तरीसुद्धा मला नवल वाटतं. दूध, साखर, कर्ज, घर, सगळ्याच्या सहकारी संस्था काढणाऱ्या महाराष्ट्राला इंटरनेटची सहकारी संस्था काढावी असं कधी फारसं सुचलंच नाही. आपण ग्राहकच राहिलो, आणि केबलवाला राहिला ‘तो केबलवाला’.

म्हणून आमच्या सभेतला वाद मला चुकीच्या जागी अडकलेला वाटला. एका बाजूला ‘आपला माणूस’, दुसऱ्या बाजूला ‘मोठी कंपनी’. इथल्या मेंढपाळाला कंपनी लहान की मोठी याच्याशी देणंघेणं नाही. चर कोणाचा, एवढंच त्याला कळतं. आमचा चर म्हणजे स्कीमच्या गेटपासून गच्चीपर्यंत वायरी नेणारा पाइप; तो स्कीमनं स्वतःच्या खर्चानं टाकावा. चार मजल्यांना असे किती पैसे लागतील, गणपतीच्या वर्गणीत बसतील. मग त्यातून केबलवाला येवो नाहीतर मोठी कंपनी. भाडं भरेल तो वायर टाकेल, फोन उचलणार नाही त्याची वायर निघेल. पाच वर्षं दुसऱ्या कुणाला येऊ न देण्याच्या अटीवर सही केली, तर दुसऱ्या वर्षी दर चढल्यावर काकूंनी फोन कुणाला करायचा?

हे मी सभेत मांडलं. ‘‘तिकडे बसून बोलायला सोपं आहे भाऊ,’’ अध्यक्ष म्हणाले. सोपं आहेच, वायरींच्या त्या जंजाळाखालून रोज गाडी काढायची वेळ माझ्यावर येत नाही. पण तेवढ्यात तळमजल्यावरच्या एका आजोबांनी विचारलं, पाइप आपला असला तर कंपनीकडून भाडं नेमकं किती घेता येईल? सगळे गप्प झाले. मग सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि करारावरची सही दिवाळीपर्यंत लांबणीवर पडली. बाबांचा फोन तेवढ्यात बाटलीवरून घसरला. पुढची पाच मिनिटं मला फक्त पंखा दिसत होता.