‘लॉग हिरवा, मग ऑर्डर गेल्या कुठे?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

एक स्टार दिलात, त्याबद्दल तक्रार नाही. पेमेंट गेटवेवर (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेवर) ग्राहकाचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर शीटमध्ये आलीच नाही, म्हटल्यावर राग येणारच. तुम्ही लिहिलंय, ‘लॉगमध्ये सगळं हिरवं, सपोर्टवाले गेटवेकडे बोट दाखवतात, मग लॉग ठेवायचा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. एन8एन (n8n, ठरलेली कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या इतर दुकानदारांनाही तो पडतो, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

फ्लो म्हणजे आपोआप होणाऱ्या कामांची साखळी, आणि तिची प्रत्येक फेरी म्हणजे एक्झिक्युशन. एक्झिक्युशन लॉगमध्ये फ्लो सुरू झाला तरच नोंद होते. गेटवेचा जो कॉल (इंटरनेटवरून येणारा निरोप) दारातूनच परत गेला, त्याची तिथे ओळच पडत नाही. तुम्ही पाहिलेल्या हिरव्या ओळी कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या. त्यांचा वेबहूक (असे कॉल घेणारा पत्ता) वेगळा आहे. ऑनलाइन पेमेंटची त्या काळात एकही ओळ नव्हती. म्हणूनच आमच्या सपोर्टच्या मुलाने तुम्हाला गेटवेच्या डॅशबोर्डवरचा डिलिव्हरी लॉग उघडायला सांगितलं. ते अंग काढून घेणं नव्हतं, उत्तर तिथेच होतं. प्रत्येक कॉलपुढे 404 (म्हणजे ‘सापडलं नाही’), आणि आत मजकूर की हा वेबहूक रजिस्टर नाही. पत्ता नीट वाचला तर त्यात ‘वेबहूक’च्या जागी ‘वेबहूक-टेस्ट’! टेस्टचा पत्ता एडिटरमध्ये बटण दाबल्यावर 120 सेकंद चालू राहतो, मग बंद. तुमच्याकडे गेटवेच्या सेटिंग्ज बदलल्या तेव्हा हाच पत्ता कॉपी झाला. दोन्ही पत्ते एकाच ठिकाणी दिसतात, कुणाकडूनही होऊ शकतं.

एकच ऑर्डर दोनदा पडली, तीही तक्रार खरी आहे. लॉगमध्ये तिच्या दोन एक्झिक्युशन आहेत, दोन्ही यशस्वी, आणि दोन्हींत इव्हेंट आयडी (गेटवेने त्या व्यवहाराच्या निरोपाला दिलेला क्रमांक) एकच. तुमच्या मागणीवरून फ्लोमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप जोडला, त्याने वेळ लांबला. गेटवेला वेळेत 200 (‘मिळालं’ अशी पोच) मिळाला नाही, म्हणून त्याने तोच कॉल पुन्हा पाठवला. आता कॉल आला की लगेच 200 जातो, बाकीचं काम मागाहून होतं. शीटमध्ये ओळ टाकण्याआधी तो इव्हेंट आयडी आधी येऊन गेलाय का, हेही तपासलं जातं.

राहिला ‘बिघाडाचा मेल का आला नाही?’ हा प्रश्न. एरर वर्कफ्लो, म्हणजे बिघाड कळवणारा फ्लो, चालतो तो एक्झिक्युशन फसली तर. फ्लो सुरूच झाला नाही तर फसणार काय? त्यासाठी रोज संध्याकाळी गेटवेकडची जमा पेमेंट आणि शीटमधल्या ओळी यांचा ताळा घेणारा वेगळा फ्लो लागतो. तो तुमच्यासाठी आम्ही लावून देतो, त्याचे पैसे नाहीत.

राहून गेलेल्या ऑर्डर गेटवेच्या पेमेंट यादीत सुरक्षित आहेत. त्या शीटमध्ये भरायला आमचा मुलगा तुमच्यासोबत बसेल. मात्र एक्झिक्युशनच्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे 14 दिवसांनी पुसल्या जाऊ लागतात, त्यामुळे डबल ऑर्डरचा लॉग स्वतः पाहायचा असेल तर कृपया याच आठवड्यात फोन करा.